विश्लेषण : पीएच.डी.चा प्रबंध चक्क कॉमिक्समध्ये? चिमूरचा १९४२ चा लढा त्यासाठी योग्य विषय का?

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरचे लोक ‘चले जाव’च्या घोषणा देत रस्त्यावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, संतापलेल्या जमावाच्या हल्ल्यात सरकारी अधिकारी मारले गेले. तीन दिवसांनी गावात लष्कर शिरले आणि महिलांवर अत्याचार झाले. एवढे सगळीकडे वाचायला मिळते. पण हाच प्रसंग चित्रात काढायचा ठरवला तर? जमाव कोणत्या बाजूने आला, पोलीस किती अंतरावर उभे होते, गोळी सुटली तेव्हा लोक पळत होते की पुढे येत होते, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल हलत नाही. ‘गोळीबार झाला’ हे दोन शब्द लिहिताना यातले काहीच माहीत नसले तरी चालते. कॉमिक्सला संशोधनाची पद्धत का मानावे, याचे उत्तर या फरकात आहे.

असा प्रबंध कोणी केला आहे का?

हो. निक सुसॅनिस यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजमध्ये डॉक्टरेटचा अख्खा प्रबंध कॉमिक्सच्या रूपात लिहिला. २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने तो ‘अनफ्लॅटनिंग’ नावाने छापला. तिथे आधी मजकूर आणि मग सजावट, असा प्रकार नाही. मांडणी चित्रांतूनच पुढे सरकते. निष्कर्ष आधीच काढून त्याला चित्रे जोडली तर ते माहितीपत्रक होते, संशोधन नव्हे. आपल्याकडे ‘चित्रमय’ म्हणून जे खपते ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असते.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर?

आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माऊस’ला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर मिळाले. त्यात ऑशवित्झमधून वाचलेले त्यांचे वडील सांगतात, फाटकाजवळ वाद्यवृंद असल्याचे आठवत नाही. नोंदी सांगतात, होता. स्पीगेलमन यांनी आधी वादक काढले आणि पुढच्या चित्रात कैद्यांच्या रांगेआड जवळजवळ झाकून टाकले. दोन्ही साक्षी पानावर राहिल्या. ज्यो साको यांनी ‘फूटनोट्स इन गाझा’मध्ये (२००९) १९५६ च्या हत्याकांडांबद्दल साक्षीदारांना बोलते केले आणि त्यांच्या न जुळणाऱ्या आठवणीही चित्रांत मांडल्या. ते पत्रकार, पण ही शिस्त इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही लागू पडते.

चिमूरला याचा उपयोग काय?

चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. त्याच्या बातम्यांवर सरकारने बंदी घातली. निषेध म्हणून जानेवारी १९४३ मध्ये देशभरातील अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. ऐन घटनेच्या वेळी छापलेल्या शब्दावरच बंदी असेल, तर घराघरांत राहिलेल्या आठवणींचे मोल वाढते. त्या आता मुलानातवंडांकडे आहेत. एखाद्या आजीचे घर कागदावर काढून तिच्या नातीपुढे ठेवले, तर ‘दार इकडे नव्हते, आड परसात होता’ असे ती लगेच सांगेल. इंग्रजीतल्या दोनशे पानी प्रबंधातली चूक तिला कधी दाखवता येणार? तो तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

धोकाही इथेच आहे. अत्याचाराचे चित्र काढले की तो पाहण्याचा तमाशा होऊ शकतो. चेहरा न दाखवता अंगण, बंद दार, हात एवढेच काढण्याची मुभा कॉमिक्समध्ये आहे, पण तो संयम चित्रकाराने पाळला पाहिजे. कुटुंब नको म्हणाले तर ते पान गाळावे. त्यावर वाद नको.

विद्यापीठे हे मान्य करतील?

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. चिमूर त्याच्याच कार्यक्षेत्रात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. प्रबंधाची खुली मौखिक परीक्षा मात्र कायम आहे. अडचण तपासणीची आहे. साहित्यचोरी पकडणारे सॉफ्टवेअर शब्द जुळवते, चित्रांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही. परीक्षकही इतिहास आणि रेषा दोन्ही कळणारा हवा. म्हणून सवलत मागण्यापेक्षा जास्तीची अट घालून घेणे बरे : प्रत्येक चौकटीमागे कागद आहे, आठवण आहे की संशोधकाचा अंदाज, हे वाचकाला कळले पाहिजे.

ते चित्रातच कसे दाखवायचे, याचा नमुना परधान गोंड कलाकारांनी दिला आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चितारलेल्या ‘भीमायन’ या डॉ. आंबेडकरांच्या चित्रचरित्रात (२०११) सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. बोलणारा कोण, हे आकारावरूनच समजते. चिमूरच्या प्रबंधात सरकारी कागदाला एक आकार, आजीच्या आठवणीला दुसरा आणि अंदाजाला तुटक रेघ देता येईल.