पाद्र्याचे पत्र, चर्चमधली जात आणि आपले ‘थांबा’

धर्म माणसाला अन्यायाविरुद्ध उभे करतो की अन्याय सोसायला शिकवतो? कोणताही धर्म तपासायचा असेल तर हा एक प्रश्न पुरेसा आहे. ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न बाहेरच्यांनी तर विचारलाच, पण त्यांच्यातल्याच एका पाद्र्यानेही विचारला.

12 एप्रिल 1963 रोजी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. किंग बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या आंदोलनावर जाहीर टीका करणारे आठ जणही धर्मगुरूच होते, सगळे गोरे. आंदोलनाची ही वेळ नव्हे, रस्त्यावर येऊ नका, न्यायालयात जा, असा त्यांचा सूर. किंगनी तुरुंगातून त्यांना पत्र लिहून उत्तर दिले. काळ्या माणसाच्या कानात वर्षानुवर्षे घुमणाऱ्या ‘थांबा’ या शब्दाचा खरा अर्थ ‘कधीच नाही’ असा असतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षा, न्यायापेक्षा शांतता प्रिय असलेला मवाळ गोरा हा आपल्या मार्गातला मोठा अडथळा आहे, असेही त्यांनी लिहिले. आणि चर्चने या लढ्यात पाठ फिरवल्याची निराशा लपवली नाही.

किंग गांधींना मानत. त्या मुद्द्यावर आपला मतभेद आहे आणि राहील. पण एका पाद्र्याने आपल्याच धर्मपीठाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

आता भारताकडे या. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्य ख्रिश्चनांच्या स्थितीवर लिहिले आहे. ते त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यांचा आक्षेप नेमका होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली. भोवतालच्या दुष्ट समाजव्यवस्थेमुळे ती झाली, असे सांगितले जात नाही. मग तो व्यवस्थेशी भांडायचे सोडून स्वतःचे सांत्वन करत बसतो. शिवाय चर्चच्या दारातून जात आत आली ती आलीच.

या टीकेला चर्चमधून उत्तर यायला बराच काळ गेला. 1981 साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी प्रश्न मांडला की भारतातले ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच का संवाद करते? चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचे दुःख त्यात कुठे आहे? तिथून ‘दलित थिऑलॉजी’ उभी राहिली. पुढे 2016 साली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, हे कबूल केले. तरी भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला 2022 साल उजाडावे लागले. ज्या धर्माचा संस्थापक सुताराच्या घरात वाढला, त्या धर्मात ही अवस्था! पाद्री मंडळींनी आधी याचा जाब द्यावा.

पण मित्रांनो, जाब फक्त त्यांनाच विचारून भागणार नाही.

10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. 1956 साली त्यात शीख आले. बौद्ध यायला 1990 साल उजाडले. धर्म बदलला तरी सामाजिक-आर्थिक स्थिती बदलली नाही, हेच त्या दुरुस्तीचे कारण होते. दलित ख्रिश्चन आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. सूसाई नावाच्या एका चर्मकाराचा खटला आठवा. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्यांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या. त्याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही तेवढेच मागासलेपण टिकून आहे हे सिद्ध व्हायला हवे, असे न्यायालयाचे म्हणणे. हातातली आरी तीच, बसायची जागा तीच, फक्त गळ्यात क्रूस आला. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली. त्यानंतर 2022 साली सरकारने बालकृष्णन आयोग नेमला. म्हणजे पुन्हा ‘थांबा’.

आणि आपल्यातले काही जणही ‘थांबा’ म्हणतात. त्यांचे दोन मुद्दे ऐकायला मिळतात.

पहिला, बौद्ध धम्म या मातीतला, ख्रिस्ती धर्म बाहेरचा. हा युक्तिवाद कुणाचा आहे, ओळखा. बौद्ध हे हिंदूंचीच एक शाखा, म्हणून ते चालतात. ख्रिश्चन आणि मुस्लिम परके, म्हणून ते नकोत, असे सांगणाऱ्यांचा तो आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. सवलतीसाठी तोच खोटेपणा मागच्या दाराने घरात घेणार का?

दुसरा, वाटेकरी वाढतील. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. कमी जागांवर जास्त जण तुटून पडतील, तेव्हा आपल्याच मुलामुलींचे नुकसान होईल. पण यावर उपाय म्हणजे वाटा वाढवण्याची लढाई: लोकसंख्येच्या प्रमाणात आरक्षण, रिक्त अनुशेषाची भरती, खाजगी क्षेत्रात प्रतिनिधित्व. ही लढाई दलित ख्रिश्चनांना सोबत घेऊन अधिक ताकदीने लढता येईल. ताट लहान ठेवणाऱ्याला मोकळे सोडून शेजारी जेवणाऱ्याशी भांडणे हे व्यवस्थेच्याच सोयीचे आहे.

दलित ख्रिस्ती तरुणांनाही एक सांगणे. आरक्षणाची मागणी सरकारकडे जरूर करा, पण तेवढ्याच जोराने चर्चमधल्या वेगळ्या दफनभूमीविरुद्ध उभे राहा. पाद्र्याने प्रवचनात जातीचे नाव घेतले पाहिजे, असा आग्रह धरा. पाप कुणाचे आणि शिक्षा कुणाला, हे वेदीवरून स्पष्ट झाले पाहिजे.

किंगचे आठ टीकाकार वाईट माणसे नव्हती. ती स्वतःला न्यायाची बाजू घेणारी समजत होती, फक्त वेळ आली नाही असे म्हणत होती. 1990 पर्यंत आपल्यालाही हेच ऐकवले गेले. ते किती जिव्हारी लागले हे ठाऊक असताना तेच वाक्य आपण दुसऱ्या दलिताला ऐकवायचे असेल, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता या शब्दांतला शेवटचा शब्द आपण गाळला, असेच म्हणावे लागेल.

जय भीम!