ईदचा चित्रपट कोणता?

ईदची सुट्टी संपून शाळा भरली की आपल्या उमरग्यात वर्गात एक वाद हमखास रंगतो : ईदचा चित्रपट कोणता? तुम्ही म्हणता, जो ईदला लागतो तो. मला हे पटत नाही.

सलमान खानचा ‘दबंग’ 2010 साली ईदच्या तोंडावर प्रदर्शित झाला. मीही तो पाहिला, शिट्ट्याही मारल्या. (तेव्हा मी शिक्षक नव्हतो!) पण त्यात ईद कुठे आहे? तो दिवाळीला लागला असता तरी काय बिघडले असते? 2015 चा ‘बजरंगी भाईजान’ मात्र मी ईदचाच मानतो. हरवलेल्या मुक्या मुलीला सीमेपलीकडे तिच्या आईजवळ पोहोचवणारा माणूस त्यात आहे.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा तुम्हांला ठाऊक असेल. हामिदजवळ अवघे तीन पैसे. त्याचे मित्र खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद चिमटा घेतो. कारण रोट्या भाजताना दादीची बोटे पोळतात. या कथेवरचा चित्रपट वेळ अमावस्येला दाखवला, तरी मी त्याला ईदचाच म्हणेन.

हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “सर, आमची अम्मी ईदला दिवसभर चुलीपाशीच असते. तिचा चित्रपट कोणता?”

मला उत्तर देता आले नाही. यंदा आमच्या घरीही सर्वांनी टीव्हीवर चित्रपट पाहिला. अम्मी शिरखुर्मा ढवळत आतून नुसती गाणी ऐकत होती.