सुईवर राहिलेला स्वेटर

पाऊस ओसरला की नवरात्राच्या आधी घरोघर माळे साफ होतात, ट्रंका उघडतात, रजया-गोधड्या उन्हात पडतात. आणि अशाच एखाद्या ट्रंकेच्या तळाशी जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं एक बोचकं निघतं. आत दोन सुया, त्यांवर लोंबणारी अर्धवट पाठ, लोकरीचे तीन गुंडे आणि कागदाचा एक चिटोरा. त्यावर आपल्याच अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, पण ते आता आपल्यालाच लागत नाही. "या थंडीत नक्की पुरा करायचा" असं म्हणून आपण ते पुन्हा बांधतो आणि बोचकं पुन्हा तळाशी जातं. खरं की नाही, मैत्रिणींनो?

या वेळच्या पत्रांत एका भगिनीचं पत्र आहे. त्या लिहितात, "आई गेली त्याला आठ वर्षं झाली. बाबांसाठी तिने घातलेला बिनबाह्यांचा स्वेटर माझ्याकडे आहे. पाठ पुरी आहे, पुढची बाजू मुंढ्याच्या चार बोटं अलीकडे राहिली आहे. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दर थंडीत मी तो काढते आणि ठेवून देते. माझा हात आईसारखा नाही. बिघडला तर? वहिनी म्हणते, एवढ्या वर्षांत बाजारातून दहा स्वेटर आले असते."

या पत्राचं उत्तर शेवटी देते. आधी आपल्या सगळ्यांच्या बोचक्यांकडे पाहू, कारण त्या उत्तरातलं निम्मं तिथेच आहे.

विणकाम अर्धवट का राहतं? "वेळ नाही" हे आपलं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ज्या घरात दिवाळीचा फराळ, मुलांच्या परीक्षा आणि पाहुणे-रावळे वेळेवर पार पडतात, त्या घरात स्वेटरच तेवढा का राहावा? कारण फराळाला तारीख असते आणि खाणारी तोंडं ठरलेली असतात. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर आणि मोजे विणले. त्यांनाही घर होतं, मुलं होती. पण कोणासाठी विणायचं आणि केव्हा द्यायचं हे ठाऊक होतं, म्हणून हात चालला. आपल्या बोचक्यातल्या स्वेटरला माणूस उरलेला नसतो किंवा तारीख नसते. ज्या बाळासाठी घातला ते आता कॉलेजात जातं, मग सुई पुढे सरकणार कशी?

म्हणून पहिलं काम विणायचं नाही, ठरवायचं. सगळी अर्धवट कामं एका चादरीवर मांडा आणि तीन वाटे करा. एक पुरं करायचं, दुसरं उसवायचं, तिसरं देऊन टाकायचं. पुरं करायच्या वाट्यात एकच वस्तू ठेवा, फार तर दोन. प्रत्येकीवर चिठ्ठी लावा आणि तीवर माणसाचं नाव लिहा. ज्या वस्तूवर लिहायला नाव सुचत नाही, ती उसवायच्या वाट्यात गेली असं समजा.

उसवण्यात कमीपणा नाही. लोकर वाया जात नाही, उलट मोकळी होते. टाके बंद केलेल्या टोकाकडून उसवायला घ्या आणि निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जा. लडी झाली की चार ठिकाणी सैलसर बांधा, नाहीतर धुताना गुंता होईल. कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घालून भिजवा. चोळू नका, पिळू नका. सावलीत टांगून खाली हलकंसं वजन अडकवा, म्हणजे लोकरीच्या वळ्या जातात. वाळल्यावर गुंडा सैल गुंडाळा. तान्ह्या बाळाची टोपडी आणि मोजे एका गुंड्यात सहज होतात.

आता पुरं करायच्या कामाचा हिशेब. तो एकदा कागदावर मांडला की भीती निम्मी कमी होते. मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या सुया घेतल्या, तर साधारण हाताला दोन इंचांत ११ टाके आणि १४ ओळी बसतात. छाती ३६ इंच असेल तर अंगात सैलसर बसायला स्वेटर ३८ इंचांचा हवा, म्हणजे पाठ १९ इंच, सुमारे १०४ टाके. लांबी २४ इंच धरली तर १६८ ओळी. एका ओळीला चार ते पाच मिनिटं लागतात. रोज सहा ओळी म्हणजे अर्धा तास. या चालीने पाठ २८ दिवसांत होते आणि पुढची बाजूही तेवढ्याच दिवसांत. बाह्यांच्या ओळी आखूड असतात, अर्ध्या तासात नऊ होतात, म्हणून दोन्ही बाह्या मिळून आणखी २८ दिवस. एकूण ८४ दिवस, वर गळा आणि शिवणकामाला एक आठवडा. घटस्थापनेला सुई हातात घेतली तर संक्रांतीच्या सुमाराला अख्खा पूर्ण बाह्यांचा स्वेटर अंगावर येतो. आणि हे पहिल्या टाक्यापासून धरलं आहे बरं का! तुमची तर पाठ झालेली असेल.

सहा ओळींचा नेम मात्र सोडू नका. एखाद्या रविवारी हुरूप येतो, आपण चाळीस ओळी ओढतो, मान आखडते आणि पुढचे पंधरा दिवस सुईकडे पाहवत नाही. त्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन, मुलं अभ्यासाला बसली की दोन आणि रात्री टीव्हीसमोर दोन बऱ्या. काळी किंवा गडद निळी लोकर मात्र दिवसाउजेडीच विणा, दिव्याखाली डोळ्यांना ताण पडतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी बारा ओळींचा दंड लावून घेऊ नका. सहाच विणा. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागचं एक पान राखून तिथे रोजच्या ओळींच्या रेघा मारा. आणि काम खाली ठेवताना ओळ पुरी करूनच ठेवा.

जुनं काम पुन्हा हाती घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, काम मधल्या ओळीत सोडलं असेल तर गोंधळू नका. गुंड्याचा धागा ज्या सुईवरून येतो ती उजव्या हातात धरायची, म्हणजे विणायची दिशा आपोआप सापडते.

दुसरी गोष्ट, आपलाच हात दहा वर्षांत बदलतो. तेव्हा आधी चार इंचांचा नमुना विणा आणि जुन्या विणीशेजारी ठेवून टाके मोजा. जुन्या विणीत दोन इंचांत १२ टाके आहेत आणि तुमचे ११ बसतात, तर तुमचा हात सैल झाला आहे. अशा वेळी ८ ऐवजी ९ नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर वाढला की सुई बारीक होते, हे लक्षात असू द्या. नव्या सुयांवर मिलिमीटरचे आकडे असतात. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन.

तिसरी गोष्ट, लोकर पुरेल का? झालेली पाठ तराजूवर ठेवा. जितके ग्रॅम पाठ, तितकीच पुढची बाजू. दोन बाह्या मिळून पाठीएवढ्या किंवा थोड्या जास्तच धरा. कमी पडत असेल तर बाह्यांचा विचार सोडा आणि बंडीसारखा स्वेटर करा. नवी लोकर आणलीत तर रंग तोच असूनही छटा निराळी दिसते, कारण रंगवणीचा घाणा वेगळा असतो. म्हणून लेबलावरचा लॉट नंबर पाहावा. तो मिळाला नाही तर नवी लोकर गळ्याच्या पट्टीला वापरा, किंवा दोन ओळी जुनीच्या आणि दोन नवीच्या घेत जा. छटा मिसळून जाते.

चौथी गोष्ट, कसर. ती खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिकला नाही. लोकर कोणती आहे हे कळत नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून ओट्यावर जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला आणि हाताने चुरडणारी राख झाली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर ॲक्रिलिक. घामाच्या आणि तेलाच्या डागांवर कसर आधी बसते, म्हणून कपडा धुऊन, पुरता वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवावा. डांबराच्या गोळ्यांची आपल्याला सवय आहे, पण तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या मुळीच घालू नका. त्यांतल्या नॅफ्थलीनमुळे एका जन्मजात दोष असलेल्या बाळांचं रक्त कमी होऊन तीव्र कावीळ होऊ शकते, आणि तो दोष वरून दिसत नाही.

आता त्या भगिनीच्या पत्राकडे वळते.

ताई, तुमच्या स्वेटरवर नावही आहे आणि तारीखही आहे. तारीख तुम्हाला मनातल्या मनात ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. वहिनींचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. बाजारात स्वस्त मिळतो, त्यावर वाद घालू नका. हा हिशेबाचा स्वेटरच नाही.

राहिलंय ते किती, ते पाहा. चार बोटं आणि पुढे खांद्यापर्यंत, मिळून सुमारे १३ इंच, म्हणजे ९० ओळी. रोज सहा म्हणजे पंधरा दिवस. गळ्याच्या आणि मुंढ्यांच्या पट्ट्या आणि शिवण यांना आणखी आठवडाभर. आठ वर्षं ज्याला भ्यालात ते काम महिन्याभराचंही नाही.

पण सुरुवात जड जाईल, ते आधीच सांगून ठेवते. आठ वर्षं सुईवर राहिलेली ओळ ताणलेली असते. तशीच पुढे विणलीत तर छातीवर आडवी रेघ कायमची दिसत राहील. तेव्हा सुईवरची ती ओळ उसवायला हवी. आईच्या हातची एक ओळ. तुमचा हात अडतो तो इथेच, असं मला वाटतं. पण धागा तोडायचा नाही आहे. आईने ज्या धाग्याने ती ओळ विणली, त्याच धाग्याने तुमची पहिली ओळ विणायची आहे. सकाळच्या उजेडात बसा, खालच्या ओळीचे टाके आधी एका बारीक सुईवर उचलून घ्या, म्हणजे एकही निसटणार नाही. मगच वरची ओळ सोडवा.

तुमचा हात आईसारखा नाही, आणि तो तसा होणारही नाही. नमुना विणून सुईचा नंबर ठरवा. उरलेला फरक धुऊन, सपाट पसरून वाळवल्यावर बराच निघून जातो. तरी जो राहील तो विणणारणीलाच दिसेल. अंगात घालणाऱ्याला दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. बाबांना विचारलंत का? त्यांना हा स्वेटर आहे हे तरी ठाऊक आहे का? माप तर घ्यावंच लागेल. आईने घेतलेलं माप आता उपयोगाचं नाही, या वयात अंग उतरतं. छाती दोन इंचांनी कमी भरली तर उसवू नका, बाजूची शिवण प्रत्येक कडेला अर्धा इंच आत घ्या, बरोबर दोन इंच निघतात. गळा खोल व्ही आकाराचा करा. डोकं सहज जाईल आणि हात फार वर उचलावे लागणार नाहीत. टेप घेऊन गेलात की त्यांना सांगा, आईचा स्वेटर पुरा करते आहे. ते काय म्हणतील ते म्हणतील. पण अचानक अंगावर घालायला नेण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. महिनाभर त्यांनाही रोज विचारता येईल, आज किती ओळी झाल्या?

आणि शेवटचं. टाके बंद केल्यावर उरलेला धागा फेकू नका. कड विरली तर रफू करायला तोच लागतो. गुंडी करून पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा, बाबांचा स्वेटर.

व्ही गळ्यासाठी पुढची बाजू मधोमध कशी वाटायची आणि मुंढ्याचे टाके कसे कमी करायचे, त्या ओळी पुढच्या आठवड्यात देते. तोवर पहिले चार बोटं विणून होतील. ज्यांच्या ट्रंकेत असंच एखादं बोचकं आहे त्यांनीही चादर पसरून बसावं, आणि चिठ्ठीवर कोणाचं नाव लिहिलंत ते मला जरूर कळवावं.