वाया न गेलेले वर्ष

आपल्या मराठी घरांतून एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे : “पोराचे वर्ष वाया गेले.” शाळेत नाव घालताना वयात चार दिवस कमी भरले, ऐन परीक्षेच्या तोंडावर टायफॉइड झाला, अथवा एखाद्या अभ्यासक्रमाचा प्रवेश दोन गुणांनी हुकला, की हे वाक्य उच्चारले जाते आणि घरावर सुतकी कळा पसरते. वर्ष वाया गेले म्हणजे नेमके काय गेले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे एका अमेरिकन खेळाडूच्या उमेदवारीच्या काळाची हकीकत ठेवीत आहोत. खेळ आपल्या फारशा परिचयाचा नाही, मुलूखही दूरचा. परंतु त्याच्या वाट्याला आलेले असेच एक वर्ष त्याने व त्याच्या घराने कसे सार्थकी लावले, ही गोष्ट आपल्याकडील आईवडिलांनी अवश्य ऐकावी अशी आहे.

खेळाडूचे नाव ऑस्टन मॅथ्यूज आणि खेळ आइस हॉकी. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. बर्फावरच्या हॉकीची रीत निराळी. प्रत्येक बाजूचे गोलरक्षकासह सहाच खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हाती लांब काठी, आणि चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कठीण रबराची चकती. तिला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग एवढा असतो की खेळाडू पाऊण मिनिटात दमून बाहेर येतो आणि ताज्या दमाचा दुसरा त्याची जागा घेतो. अंगावर अंग आदळणे हा या खेळात पुष्कळदा गुन्हा नसून डावपेच असतो. आपल्याकडे लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ रंगतो. पण त्याचे आजचे रूप घडले ते कॅनडात. कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांतील संघांची नॅशनल हॉकी लीग १९१७ साली सुरू झाली. या खेळातले सर्वोच्च व्यासपीठ तेच.

ऑस्टनचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात झाला. वाचकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. तो तान्हा असतानाच कुटुंब ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल येथे राहावयास गेले. फिनिक्स शहराला लागून असलेला हा भाग सोनोरा वाळवंटात मोडतो. निवडुंगांचा मुलूख, आणि उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर सहज चढणारा पारा. कॅनडातल्या मुलाला घरामागचे डबके गोठले की मैदान मिळते. येथे तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. घरातही या खेळाची परंपरा नव्हती. वडिलांचा ओढा बेसबॉलकडे, तर आई मेक्सिकोतील सोनोरा प्रांतातून आलेली.

मग त्या घरात बर्फ आला कोठून? त्याचे उत्तर एका व्यावसायिक घडामोडीत आहे. १९९६ साली कॅनडातील विनिपेग शहराचा संघ फिनिक्सला हलविण्यात आला व त्याचे ‘कायोटीज’ असे नवे बारसे झाले. घरच्या मंडळींबरोबर ऑस्टन अगदी लहानपणापासून त्यांचे सामने पाहावयास जाऊ लागला. सामन्याइतकेच त्याला आकर्षण होते ते मधल्या सुटीत बर्फ खरवडून, त्यावर पाणी पसरून तो पुन्हा गुळगुळीत करणाऱ्या ‘झँबोनी’ या यंत्रगाडीचे. ही गाडीही उष्ण मुलखाचीच निपज आहे. फ्रँक झँबोनी यांनी ती १९४९ साली कॅलिफोर्नियात तयार केली. अशा ठिकाणी बर्फ करावा लागतो तो यंत्रबळाने. फरशीखालील नळ्यांच्या जाळ्यातून शून्याखाली थंड केलेले खारे पाणी खेळवावयाचे, वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवावयाचे, आणि जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीचा तो थर अहोरात्र जपावयाचा. जी गोष्ट भूमीत मुळात रुजलेली नाही ती तेथे जोपासावयाची म्हणजे काय सायास पडतात, हे परप्रांती मराठी शाळा आणि वाचनालये चालविणाऱ्या आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

पाचव्या-सहाव्या वर्षी ऑस्टन खेळू लागला. जवळपास पूर्ण आकाराची रिंके थोडी. त्यामुळे लहानशा रिंकवर तिघांविरुद्ध तिघे अशा खेळात त्याचा पुष्कळ वेळ गेला. ही अडचणच त्याची शिक्षिका ठरली. जागा इतकी थोडी की पक काठीशी चिकटवून ठेवल्याखेरीज आणि वीतभर जागेत वळल्याखेरीज निभाव लागत नसे. त्याला गुरू लाभला तोही दूरदेशीचा. मूळचे युक्रेनचे बोरिस दोरोझेन्को मेक्सिकोत आइस हॉकी शिकवून मग ॲरिझोनात आले होते. त्यांची पद्धत रूढ पद्धतीहून वेगळी : मुलाचा तोल मुद्दाम जाईल अशा उड्या आणि वळणे घ्यावयास लावावयाची, म्हणजे तोल सावरणे अंगवळणी पडते. या खेळाचा खर्चही भारी. बूट, काठ्या, चिलखतासारखा पोशाख, रिंकचे भाडे आणि परगावचे दौरे यांची तोंडमिळवणी करण्यासाठी त्याच्या आईने एके काळी दोन-दोन नोकऱ्या केल्या.

पुढे त्याची निवड मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील राष्ट्रीय प्रशिक्षण योजनेत झाली. होतकरू अमेरिकन मुलांना दोन वर्षे एकत्र ठेवून तेथे तयार करीत. २०१३ च्या सप्टेंबरात, मोसमाच्या आरंभीच, एका टकरीत त्याच्या मांडीचे हाड मोडले आणि काही महिने त्याला बाहेर बसावे लागले. सोळा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने हे लहान संकट नव्हे. तो परतला, आणि २०१४-१५ च्या मोसमात त्याने ५५ गोल केले. या योजनेतील एका मोसमातील गुणांचा पॅट्रिक केन याचा उच्चांक त्याने मागे टाकला. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत अमेरिकेने सुवर्णपदक मिळविले. ऑस्टन त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

आता त्या जन्मतारखेकडे वळू. नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी जूनमध्ये नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करतात. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. त्यासाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत वयाची अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ऑस्टनची ती १७ सप्टेंबरला पूर्ण होणार होती. दोन दिवस! तेवढ्या कारणाने २०१५ ची निवड त्याला बंद झाली आणि एक अख्खे वर्ष थांबणे नशिबी आले. त्याच निवडीत कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकेल हे त्याच्याच पिढीचे दोन खेळाडू पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाने निवडले गेले.

थांबण्याच्या वाटा होत्या. कॅनडा-अमेरिकेतील सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या लीगमध्ये एका संघाने त्याचे हक्क आधीच राखून ठेवले होते. तेथे तो गेला असता तर बरोबरीच्या मुलांत गोलांचा पाऊस पाडून आरामात वर्ष काढता आले असते. दुसरी वाट विद्यापीठाची होती. आणि तीही प्रतिष्ठेची. ऑस्टनने व त्याच्या घराने या दोन्ही सोडून तिसरी धरली. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च लीगमधील झुरिचच्या झेडएससी लायन्स या संघाशी त्याने करार केला. तेथे समोर मुले नव्हती. पंचविशी-तिशीतले, घरसंसार असलेले, पोटासाठी खेळणारे गडी होते. पहिल्या पसंतीचा मानला जाणारा अमेरिकन मुलगा निवडीआधीचे वर्ष अशा रीतीने परदेशात काढतो, असा पायंडा नव्हता. तेथे तो निष्प्रभ ठरता तर वर्षभरात मिळविलेला लौकिक तर जाताच, शिवाय पुढील निवडीतील स्थानही घसरते. धोका होता तो हा, आणि तो जाणूनबुजून पत्करलेला होता.

सतरा वर्षांच्या मुलाला एकटे धाडण्यात आले नाही. आई व बहीण त्याच्याबरोबर झुरिचला जाऊन राहिल्या. वडील नोकरीसाठी ॲरिझोनात थांबले. एका मुलाच्या एका वर्षासाठी संसाराच्या दोन चुली झाल्या. संघाचे प्रशिक्षक होते मार्क क्रॉफर्ड. १९९६ साली कोलोरॅडोच्या संघाला त्यांनी स्टॅन्ली चषक जिंकून दिला होता, तेव्हा सर्वोच्च दर्जा म्हणजे काय हे सांगणारा जाणकार त्याला रोज समोर मिळाला. अठरा वर्षे पूर्ण होताच तो मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. मोसमाअखेर हिशेब झाला तो असा : ३६ सामने, २४ गोल व २२ साहाय्य. लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. संघाने स्विस चषक जिंकला. परंतु साखळीत अव्वल राहिलेला हाच संघ अंतिम विजेतेपदाच्या पहिल्याच फेरीत बर्नकडून सलग चार सामने हरला. मोठ्यांच्या जगात जमाखर्च रोज नव्याने मांडावा लागतो, हा धडाही त्या वर्षाच्या पदरात पडला. मे २०१६ मध्ये रशियातील जागतिक स्पर्धेत तो अमेरिकेच्या प्रौढ संघातून खेळला आणि त्याने सहा गोल केले.

२४ जून २०१६ रोजी बफेलो येथे झालेल्या निवडीत टोरांटो मेपल लीफ्स या संघाने त्याला पहिल्या क्रमांकाने घेतले. २००७ मध्ये पॅट्रिक केनची निवड झाल्यानंतर हा मान मिळविणारा तो पहिलाच अमेरिकन. टोरांटोचा संघ आदल्या मोसमात तीस संघांत तळाला होता आणि त्याने स्टॅन्ली चषक जिंकल्यास १९६७ पासून एक तप नव्हे, चार तपे उलटली होती. एवढ्या उपाशी गावाच्या अपेक्षा अठरा-एकोणीस वर्षांच्या खांद्यांवर आल्या.

१२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओटावा येथे तो पहिला सामना खेळला आणि त्यात त्याने चार गोल केले. लीगच्या आधुनिक काळात पदार्पणात चार गोल कोणीही केले नव्हते. परंतु सामना टोरांटोने जादा वेळेत ५-४ असा गमावला. आणि निर्णायक गोल करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर लक्ष ठेवणे हे ऑस्टनचेच काम होते. सामना संपल्यावर, चार गोलांची चर्चा चालू असताना, त्या शेवटच्या गोलाचा दोष त्याने स्वतःकडे घेतला. लवकरच सलग तेरा सामने त्याला एकही गोल करता आला नाही. तो डगमगला नाही. मोसम संपला तेव्हा ८२ सामन्यांत त्याचे ४० गोल व २९ साहाय्य झाले होते, आणि सर्वोत्तम नवोदितास मिळणारे कॅल्डर पारितोषिक त्याला देण्यात आले. पुढे २०२१-२२ मध्ये त्याने ६० व २०२३-२४ मध्ये ६९ गोल केले. ऑगस्ट २०२४ मध्ये तो संघाचा कर्णधार झाला. ज्या कायोटीज संघाने त्याला बर्फाचा लळा लावला, तो मात्र २०२४ साली वाळवंट सोडून युटा राज्यात गेला. संस्था गेली, तिने घडविलेला मुलगा मागे उरला.

प्रत्येक थांबलेल्या वर्षाचे असेच सोने होते असे आम्ही म्हणणार नाही. या मुलाचे गुण आधीच सिद्ध होते, आणि मागे घर खंबीर होते. पण दोन दिवसांचा हिशेब चुकविणे ना त्याच्या हाती होते ना त्याच्या आईवडिलांच्या. हाती होते ते एवढेच : ते वर्ष कोणाच्या संगतीत घालवावयाचे. त्यांनी सोपी संगत नाकारली आणि आपल्याहून जाणत्या, बळकट माणसांची धरली; आणि मुलाला तेथे लोटून न देता घरातले अर्धे माणूसबळ त्याच्या पाठीशी उभे केले.

निकालांचे आणि प्रवेशांचे दिवस दरसाल येतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी एखादे मूल दोन दिवसांनी वा दोन गुणांनी मागे राहिले, तर आमची एवढीच विनंती आहे : किती काळ थांबावे लागणार याची मोजदाद करीत बसू नये. हे मूल वर्षभर कोणाजवळ बसणार, काय उचलणार, आणि आपण त्याच्याबरोबर कोठपर्यंत जाणार, याचा विचार आधी व्हावा. आणि तो होईपर्यंत त्याच्या देखत ‘वर्ष वाया गेले’ असे कोणी म्हणू नये.