सूक्ष्मदर्शकाची कसोटी

बाजारातील दुकानदाराच्या वजनांवर सरकारी छाप असावी लागते. ठराविक मुदतीने ती वजने पुन्हा तपासून घ्यावी लागतात आणि छाप नसलेल्या वजनाने माल विकणे हा अपराध मानला जातो. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली, तेव्हा शेर, तोळा आणि गुंज यांची प्रांतोप्रांतीची निरनिराळी माने मागे पडली आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच मीटर व एकच किलोग्रॅम चालू लागला. या मापांची राष्ट्रीय प्रमाणे नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते. किलोभर तांदळाच्या बाबतीत समाज इतका दक्ष आहे. मात्र शाळेतील विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्याची पेशी पाहून वहीत तिचे माप लिहितो, तेव्हा त्या सूक्ष्मदर्शकाची कसोटी कधी घेतली गेली होती काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्या सूक्ष्मदर्शकाचे अंशांकन झालेले नाही, त्याने घेतलेले माप हे माप नव्हे. ती उपकरणाच्या अंगावर कोरलेल्या आकड्यांवरून केलेली अटकळ होय. शास्त्राच्या शिक्षणात अटकळीला मापाचा मान मिळू लागला, तर त्यातून बुद्धीला जी सवय लागते ती पुढे सुटणे कठीण असते.

प्रथम या आकड्यांचा अर्थ पाहू. वस्तुभिंगावर ‘४०’ आणि नेत्रिकेवर ‘१०’ असे आकडे कोरलेले असतात. त्यांचा गुणाकार करून ‘४०० पट वर्धन’ असे सांगण्याचा प्रघात आहे. हा आकडा खोटा नाही. पण तो नाममात्र आहे. एका विशिष्ट लांबीच्या नळीवर ते वस्तुभिंग बसविले असता मिळणारे सुमारे इतके वर्धन, एवढेच तो सांगतो. पूर्वीच्या बहुतेक सूक्ष्मदर्शकांत ही लांबी १६० मिलिमीटर धरलेली असे. नळी थोडी लांबली, एका कारखान्याचे वस्तुभिंग दुसऱ्याच्या नळीवर चढविले, किंवा दोन्ही डोळ्यांनी पाहण्याचा जोडभाग मध्ये बसविला, की प्रत्यक्ष वर्धन बदलते. असे काही जोडभाग स्वतःच प्रतिमा सव्वापट मोठी करतात. अशा वेळी भिंगावरील आकडा पूर्वीचाच राहतो आणि डोळ्यांपुढची प्रतिमा मात्र निराळी असते.

दुसरी गोष्ट अशी की, वर्धन कळले म्हणून लांबी कळत नाही. वस्तू किती पट मोठी दिसते हे ठाऊक असले, तरी ती मुळात केवढी आहे हे ठरविण्यासाठी तिच्याशेजारी ठेवता येईल अशी, जिची लांबी निःसंशय माहीत आहे अशी, दुसरी वस्तू लागते. मापन म्हणजे तुलना, आणि तुलनेला साक्षीदार हवा.

सूक्ष्मदर्शकाच्या आरंभीच्या काळातील संशोधकांना ही गोष्ट पुरती उमगली होती. रॉबर्ट हूकने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बुचाच्या पातळ कापातील कप्प्यांना प्रथम ‘सेल’ हे नाव दिले, हे शाळेतील पुस्तकांत असतेच. त्याने ते कप्पे मोजलेही होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. इंचाच्या अठराव्या भागात सुमारे ६० कप्पे मावतात, म्हणजे एका इंचात हजाराहून थोडे अधिक, असा हिशेब त्याने मांडला. आजच्या भाषेत एका कप्प्याची लांबी २३ ते २४ मायक्रोमीटर झाली. हूकची पद्धतही साधी होती. एका डोळ्याने तो भिंगातून वस्तू पाही आणि त्याच वेळी दुसऱ्या उघड्या डोळ्याने तेवढ्याच अंतरावर ठेवलेली मोजपट्टी पाही. दोन्ही प्रतिमा मनात एकमेकींवर आल्या, की मोठी झालेली वस्तू पट्टीवर किती जागा व्यापते हे कळे. आपला आकडा कोणत्या रीतीने मिळाला हे त्याने उघड सांगितले, म्हणून त्याची शहानिशा करणे इतरांना शक्य झाले.

डेल्फ्ट येथील लेव्हेनहूकने वाळूचा कण, केस अशा परिचित वस्तूंशी तुलना करून सूक्ष्म जीवांचे व रक्तपेशींचे आकार सांगितले. परंतु वाळूचे सर्व कण सारखे नसतात. ही उणीव जेम्स ज्यूरिन या इंग्रज वैद्याने १७१८ च्या सुमारास मोठ्या युक्तीने भरून काढली. त्याने केसासारखी बारीक चांदीची तार एका टाचणीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळली, ठराविक लांबीत किती वेढे बसतात ते मोजले आणि भागाकार करून तारेची जाडी काढली. मग त्या तारेचे तुकडे रक्ताशेजारी ठेवून, तारेच्या जाडीत किती रक्तपेशी मावतात हे पाहिले. तीच तार त्याने लेव्हेनहूककडेही पाठविली. दोन देशांतील दोन निरीक्षकांनी एकाच तारेशी तुलना करावी, यातच प्रमाणित मापाची सारी कल्पना सामावलेली आहे.

आज चांदीच्या तारेची गरज उरलेली नाही. तिच्या जागी काचपट्टीवर कोरलेली एक अतिसूक्ष्म मोजपट्टी मिळते. प्रयोगशाळेत तिला स्टेज मायक्रोमीटर म्हणतात. तिच्यावर १ मिलिमीटर लांबीचे १०० समान भाग पाडलेले असतात; म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जुन्या पुस्तकांत यालाच मायक्रॉन म्हटलेले आढळते; ते नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६७ साली रद्द केले. दुसरी पट्टी नेत्रिकेच्या आत बसविलेल्या गोल काचेवर असते. तिच्यावरही बहुधा १०० भाग असतात. परंतु त्या भागांना स्वतःची अशी किंमत नसते. ती किंमत ठरविणे म्हणजेच अंशांकन.

कृती अगदी सोपी आहे. स्टेज मायक्रोमीटर मंचावर ठेवून त्याच्या रेघा स्पष्ट दिसतील असे करावे. नेत्रिका फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर आणाव्यात आणि एका टोकाच्या रेघा तंतोतंत जुळवाव्यात. नंतर तेथून शक्य तितक्या दूर, जेथे दोन्ही पट्ट्यांच्या रेघा पुन्हा जुळतात, ती जागा शोधावी. समजा, ४० आकड्याच्या वस्तुभिंगाखाली नेत्रिकेचे ९६ भाग मंचावरील पट्टीच्या २५ भागांशी जुळले. ते २५ भाग म्हणजे २५० मायक्रोमीटर. २५० ला ९६ ने भागले असता नेत्रिकेच्या एका भागाची किंमत २.६० मायक्रोमीटर येते. भिंगावरील आकड्यावर विसंबून जो हिशेब करील, त्याला ती २.५ च वाटेल आणि त्याचे प्रत्येक माप शेकडा चारने कमी भरेल. प्रत्येक वस्तुभिंगासाठी ही कृती स्वतंत्रपणे करावी, तीन वेळा करून सरासरी घ्यावी आणि निघालेल्या किमती तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ती सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत चिकटवावी. नेत्रिका, वस्तुभिंग किंवा नळीचा भाग बदलला, की जुनी चिठ्ठी रद्द समजून नवी करावी. या सर्वाला अर्धा तास पुरतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, शाळेला एवढ्या काटेकोरपणाची काय गरज? पेशीचा आकार व रचना समजली म्हणजे पुरे. शेकडा चारच्या फरकाने काय बिघडते? आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो. पण फरक शेकडा चारचाच आहे, हे तरी कसे कळले? तो कळण्यासाठीसुद्धा अंशांकनच करावे लागते. जेथे चूक किती आहे हे माहीत नाही, तेथे ती थोडी आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

शिवाय शाळेत लागलेली सवय शाळेपुरती राहत नाही. आजचा विद्यार्थी उद्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत बसतो. तेथे आमांशाच्या रोग्याच्या मलात अमीबाच्या पुटी दिसतात. एंटामीबा हिस्टोलिटिका या रोगकारक जातीच्या पुटींचा व्यास साधारणपणे १० ते २० मायक्रोमीटर असतो. एंटामीबा हार्टमनी या निरुपद्रवी जातीच्या पुटी १० मायक्रोमीटरहून लहान असतात. दिसावयास दोन्ही बऱ्याचशा सारख्या. म्हणून त्या ओळखताना मापाचा मोठा आधार घ्यावा लागतो. आता समजा, तेलात बुडविण्याच्या १०० आकड्याच्या वस्तुभिंगासाठी नेत्रिकेचा एक भाग १ मायक्रोमीटरचा असे कोणी गृहीत धरले. पण मध्ये सव्वापट वाढविणारा जोडभाग असल्याने त्याची खरी किंमत ०.८ मायक्रोमीटर आहे. ८.४ मायक्रोमीटरची निरुपद्रवी पुटी अशा उपकरणात साडेदहा भाग व्यापील आणि वहीत ‘१०.५’ असा आकडा पडेल. त्या एका आकड्याने निरोगी माणूस रोगी ठरेल, नको ते औषध घेईल आणि त्याच्या त्रासाचे खरे कारण शोधावयाचे राहून जाईल. माप बरोबर आले म्हणजे निदान पुरे झाले असेही नाही. एंटामीबा डिस्पार ही निरुपद्रवी जाती १९९३ साली निराळी म्हणून सिद्ध झाली, आणि तिच्या पुटी मापानेही हिस्टोलिटिकासारख्याच असतात. त्यासाठी इतर चाचण्या लागतात. परंतु पहिलीच चाळणी फाटकी असेल, तर पुढच्या चाळण्यांचा उपयोग तो काय?

दुसरा आक्षेप खर्चाचा. स्टेज मायक्रोमीटर ही नाजूक वस्तू आहे आणि प्रत्येक शाळेला ती परवडेलच असे नाही. पण ती रोज लागत नाही. एका तालुक्यातील शाळांनी मिळून एक पट्टी घ्यावी आणि वर्षारंभी ती शाळाशाळांतून फिरवावी, हे अशक्य नाही. अनेक महाविद्यालयांत रक्तपेशी मोजण्याची न्यूबावर पद्धतीची काच असते. तिच्यावरील सर्वांत लहान चौकोनाची बाजू ५० मायक्रोमीटर असते आणि सरावापुरते काम तिच्यावर भागते. तेही नसेल, तर पारदर्शक मोजपट्टी सर्वांत कमी वर्धनाखाली ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास मिलिमीटरांत मोजता येतो. हे माप ढोबळ असते. पण ते ढोबळ आहे हे सांगून लिहिले, तर त्यात अप्रामाणिकपणा नाही. अंदाजपंचे दाहोदरसे लिहिलेल्या आकड्यापेक्षा त्याची योग्यता अधिक आहे.

अंशांकन झाले म्हणजे सर्व साधले, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तांबड्या रक्तपेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. जेथे एक भाग २.६ मायक्रोमीटरचा आहे, तेथे ती जेमतेम तीन भाग व्यापते आणि अर्ध्या भागाची चूक सहज होते. अशा कामाला अधिक वर्धनाचे भिंगच हवे. तरीही एक मर्यादा राहतेच. एर्न्स्ट आबे याने १८७३ साली दाखविल्याप्रमाणे, प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे उत्तम भिंगातूनही सुमारे ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळे दिसत नाहीत. म्हणून पेशीचे माप ‘७.४३८’ असे लिहिणे हा काटेकोरपणा नसून काटेकोरपणाचे सोंग होय. तसेच सर्व पेशी सारख्या नसतात. एकच पेशी न मोजता वीस मोजाव्यात आणि सरासरीबरोबर लहानात लहान व मोठ्यात मोठे मापही द्यावे.

अलीकडे शाळांतूनही भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने नेत्रिकेतून छायाचित्रे घेतली जातात आणि त्यांखाली ‘४०० पट’ असे लिहिले जाते. तेच चित्र पडद्यावर एका आकाराचे, कागदावर दुसऱ्या आणि भिंतीवर तिसऱ्या आकाराचे होते. ‘४०० पट’ हे शब्द मात्र सर्वत्र तेच राहतात आणि म्हणूनच निरर्थक ठरतात. त्याऐवजी चित्राच्या कोपऱ्यात ५० मायक्रोमीटर दाखविणारी एक रेघ काढली, तर चित्र कितीही लहानमोठे झाले तरी रेघ त्याच्याबरोबर वाढते व घटते, आणि पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. पण ही रेघ किती लांब काढावयाची, हे ठरविण्यासाठी त्याच कॅमेऱ्याने व त्याच भिंगाने स्टेज मायक्रोमीटरचे एक चित्र आधी घेतलेले असले पाहिजे.

शाळांच्या प्रात्यक्षिक वह्यांत आकृतीला गुण मिळतात, नावांना गुण मिळतात, नीटनेटकेपणालाही मिळतात. यापुढे आणखी एका ओळीला गुण मिळावेत : ‘हे माप कोणत्या भिंगाने घेतले आणि त्या भिंगाखाली नेत्रिकेच्या एका भागाची किंमत किती होती.’ ही ओळ नसेल, तर मापाचे गुण देऊ नयेत. परीक्षकांनी एवढा एक नियम पाळला, तर पेट्यांतील चिठ्ठ्या आपोआप तयार होतील. छाप नसलेल्या वजनाने तोललेला तांदूळ ग्राहक नाकारतो. कसोटी न झालेल्या भिंगाने मोजलेली पेशी विद्यार्थ्यानेही तशीच नाकारावयास शिकले पाहिजे.