खिम्याची जागा सोयाने घेतली. बी १२ चे काय?

पुण्यातील अनेक घरांत रविवारच्या जेवणात पास्ता आता नवलाचा राहिलेला नाही. मांसाहारी पद्धतीत त्याच्या सॉसमध्ये खिमा घालतात, तर शाकाहारी घरांत त्याऐवजी किराणा दुकानात सहज मिळणारे सोया ग्रॅन्युल्स पडतात. हा बदल आरोग्याच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र ‘मांसाला पर्याय’ या शब्दांमुळे एक गैरसमज होतो, तो दूर व्हायला हवा.

सोयाबीनमधून तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरते, त्यावर यंत्रात उष्णता आणि दाब देऊन ग्रॅन्युल्स तयार होतात. १०० ग्रॅम कोरड्या ग्रॅन्युल्समध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. माणशी ३० ग्रॅम घेतले, तर १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० किलो वजनाच्या निरोगी प्रौढाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच जेवणात भागतो. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, सोयात ते भरपूर असते. त्यामुळे वरण-भातासारखीच पास्ता आणि सोयाचीही जोडी जमते.

करण्याची रीत सोपी आहे. ग्रॅन्युल्स गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून घट्ट पिळावेत, म्हणजे उग्र वास जातो. थोड्या तेलात कांदा, लसूण आणि किसलेले गाजर परतून त्यात ते खरपूस होऊ द्यावेत. मग भरपूर टोमॅटो घालून सॉस दाट होईपर्यंत शिजवावा. तेलात शिजलेल्या टोमॅटोमधील लायकोपीन शरीरात अधिक चांगले शोषले जाते. सोयातील लोह मात्र सहजासहजी शोषले जात नाही, ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. म्हणून गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळावे. बाटलीबंद सॉसमध्ये मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी घरचाच सॉस करावा.

इथवर सोया खिम्याची जागा घेतो. बी १२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र तो ती घेऊ शकत नाही. खिम्यात ते असते, सोयात नसते आणि टोमॅटो, गहू किंवा भाज्यांतही नसते. पुण्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी १२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. पोटभर जेवणाऱ्या घरांतली ही कमतरता आहे.

बी १२ यकृतात साठते, त्यामुळे कमतरता दिसायला काही वर्षे जातात. थकवा, हातापायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा ही लक्षणे वयाच्या किंवा दगदगीच्या नावावर खपवली जातात. उपचार फार लांबले, तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. गर्भवतींनी तर याकडे दुर्लक्ष करूच नये. इडली-डोशाचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना यांच्या भरवशावरही राहता येत नाही.

उपाय अवघड नाही. दूध, दही, ताक, पनीर रोजच्या आहारात असावे, चालत असल्यास अंडे घ्यावे. पास्त्यावर घरचे पनीर किसून घातले तरी थोडी भर पडते. दूधही न घेणाऱ्या व्हीगन व्यक्तींनी बी १२ च्या गोळ्या किंवा ते मिसळलेले अन्नपदार्थ नियमित घेणे आवश्यक आहे. लक्षणे असतील, तर मनाने इंजेक्शने न घेता आधी रक्त तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वीही विचारावे. थायरॉइडची गोळी आणि सोयाचे जेवण यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

सोयाचा सॉस घरात जरूर शिजावा. त्याच्यासोबत ताटाशेजारी दह्याची वाटी असावी आणि शाकाहारी कुटुंबाच्या तपासण्यांच्या यादीत बी १२ चा समावेश व्हावा.