‘२५/१००’ या आकड्याला किती मोल द्यायचं?

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. अशा बातम्यांच्या आडोशाने मोठ्या चित्रकारांच्या ‘लिमिटेड एडिशन प्रिंट’ही ‘गुंतवणूक’ म्हणून विकल्या जातात. मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेल्या बीड जिल्ह्यात तरी हा शब्द ऐकला की कान टवकारले पाहिजेत. प्रिंट जरूर घ्या, पण ठेव म्हणून नको. ११८ कोटी मिळाले ते एकमेव मूळ चित्राला. त्या भावाचा प्रिंटशी थेट संबंध नाही.

आकडा काय सांगतो?

प्रिंटच्या खाली पेन्सिलीने २५/१०० असं लिहिलेलं असतं. म्हणजे एकूण १०० प्रतींपैकी ही पंचविसावी. ‘ए.पी.’ असेल तर ती कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत. या प्रती साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतात आणि शंभरात धरल्या जात नाहीत. गाडीच्या फॅन्सी नंबरासारखे १/१०० साठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. सिल्कस्क्रीनमध्ये पहिल्या आणि नव्वदाव्या प्रतीत सहसा फरक नसतो. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या ड्रायपॉइंटमध्ये मात्र रेघेची धार छापताना झिजते, म्हणून तिथे सुरुवातीच्या प्रती सरस.

खरा प्रश्न वेगळाच आहे: हे छापलं कशावरून? कलावंताने स्वतः लाकूड, पत्रा किंवा दगडावर काम करून ठसा काढला असेल तर ते मुद्राचित्र, म्हणजे स्वतंत्र कलाकृती. कॅनव्हासवरच्या चित्राचा फोटो काढून इंकजेटवर छापला आणि खाली सही केली, तर ती चांगल्या कागदावरची नक्कल. सीमाशुल्काच्या दरसूचीतही ‘मूळ’ ठशाची व्याख्या हीच आहे: पाटी पूर्णपणे कलावंताच्या हातची, यांत्रिक किंवा फोटोवर आधारित छपाई त्यात बसत नाही. सेरिग्राफ या दोन्हींच्या मधला प्रकार. अनेकदा स्क्रीन कारागीर तयार करतात, चित्रकार रंग मंजूर करून सही करतो. त्यामुळे विक्रेत्याला लेखी विचारा: छपाई कोणी, कधी, कुठे केली, एकूण प्रती किती आणि पाटी नंतर रद्द केली का? पाटीवर चरे पाडून ती बाद केली नसेल, तर ‘मर्यादित’ या शब्दाला फक्त विक्रेत्याच्या भरवशाचा आधार उरतो.

नुसत्या कमी प्रतींनी किंमत येत नाही, हे राजा रविवर्मा यांच्या ओलिओग्राफवरून कळतं. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याने देवादिकांची चित्रं घरोघर पोचवली. त्यांवर ना पेन्सिलीची सही, ना क्रमांक, आणि प्रती अमाप. तरी आज चांगल्या अवस्थेतल्या जुन्या प्रतींना संग्राहक पैसे मोजतात, कारण बाकीच्या ओल, वाळवी आणि धुपाच्या धुराने गेल्या. आजोळच्या देवघरात एखादी असेल तर ‘नवी करून’ घेण्याआधी थांबा.

विकायची वेळ आली की खरी परीक्षा. सोनं बीडच्या सराफ्यात तासाभरात मोडता येतं. प्रिंटचं गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीच्या लिलावात शोधावं लागतं, तिथे कमिशन कापलं जातं, आणि तेही कलावंताला मागणी असली तर.

मग घ्यायचं काय? महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा स्वतंत्र विभाग असतो. तिथल्या तरुण कलावंतांशी थेट बोला. नामवंताच्या सहीच्या नकलेपेक्षा यांच्या हातचा ठसा मला कधीही जास्त मोलाचा वाटतो. पावतीवर तंत्र, वर्ष आणि प्रतसंख्या लिहून घ्या.

फ्रेमवाल्याला आधीच बजावा: कडेचा कोरा कागद कापायचा नाही, हार्डबोर्डवर चिकटवायचं नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. आणि आपल्याकडचं ऊन पाहता, पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी निवडा.